ओफोरी मास्तरांचा परीक्षा हॉल

आमचे शेजारी ओफोरी मास्तर दर शनिवारी दुपारी एक वाजता सूट चढवतात, टाय बांधतात, काळे बूट चकचकीत करतात आणि स्वतःच्याच जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारू लागतात. टेबलाशी एक खुर्ची. खुर्चीवर दोन उशा आणि उशांना टेकवून बसवलेला टॅबलेट. मास्तर त्या टॅबलेटच्या पाठीमागे जाऊन थांबतात, वाकून बघतात, काही आक्षेपार्ह सापडलं नाही की पुढे निघतात. मग खुर्चीला बजावतात, "वीस मिनिटं राहिली."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात नारळाच्या वड्यांची ताटली होती आणि त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. कॅनडात, मिसिसागाच्या आमच्या काँडो इमारतीत, सतराव्या मजल्यावर, लिफ्टमधल्या 'कोल्ड टुडे'पलीकडे कुणी कुणाला ओळखत नाही. मला वाटलं, बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस, गेला कामातून. ताटली ठेवून पळ काढणार, तेवढ्यात टॅबलेटमधून बारीक आवाज आला, "ग्रँडपा, बाथरूमला जाऊन येऊ?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तिथे कोण जाऊ देणार आहे तुला?"

मास्तर मूळचे घानाचे, कुमासी शहरातले. तिकडे गणित शिकवायचे आणि परीक्षेच्या दिवसांत सुपरवायझर असायचे. इथे आल्यावर एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये पार्सलं लावण्यात उरलेला जन्म गेला, पण आत सुपरवायझर तसाच राहिला, घडी न मोडलेला. टॅबलेटमध्ये होती त्यांची नात अबेना, वय एकोणीस, मुक्काम कुमासी. तिकडे पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांची मिळून शाळा सुटतानाची एकच परीक्षा असते. आपल्या बारावीसारखीच म्हणा, फक्त भीती सगळ्या देशांची एकत्र केलेली. अबेना गेल्या वर्षी बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि गणितात गेली. गणित नाही तर नर्सिंग कॉलेज नाही. म्हणून आता ती बाहेरून पुन्हा बसणार होती. तिच्या आईने, म्हणजे मास्तरांच्या मुलीने, अफियाने सांगून ठेवलं होतं: ही शेवटची वेळ. या वेळी नाही झालं तर बाजारात माझ्या कापडाच्या दुकानावर बसायचं.

मास्तरांचा सगळा अभ्यासक्रम भीतीचा होता. गणित त्यात चवीपुरतं. एका मुलीने पर्यायाचे गोल पेन्सिलीने भरताना एक ओळ सोडली आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर खाली सरकली. "फिनिश. एक वर्ष." एकीने परीक्षा क्रमांकातला एक आकडा गाळला. "फिनिश. एक वर्ष." एकजण घाबरून सकाळी तांब्याभर पाणी प्यायला. त्याचं पुढे काय झालं ते मास्तर स्त्रियांसमोर सांगत नसत, पण वर्ष त्याचंही गेलं. हे ते इतक्या थंडपणे सांगायचे की ऐकता ऐकता मीही माझा जुना परीक्षा क्रमांक आठवू लागायची. एकाहत्तर वर्षांच्या बाईला कसली आली परीक्षा? पण त्या आठवड्यात मला दोनदा स्वप्न पडलं की पेपर सुरू झालाय आणि माझ्याजवळ पेन नाही.

त्या पहिल्या दिवशी मास्तरांनी वडी खाल्ली आणि विचारलं, "मॅडम, तुमचं गणित कसं होतं?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं. ही थाप मी लग्नात सासऱ्यांना मारली होती, ती पन्नास वर्षं टिकली आणि कॅनडातही चालली. बक्षीस म्हणून माझी असिस्टंट सुपरवायझर म्हणून नेमणूक झाली. हॉलमध्ये परका माणूस असायला हवा, परक्या माणसाची सवय व्हायला हवी, असं मास्तरांचं म्हणणं. माझं काम अधूनमधून खोकण्याचं आणि संशयाने बघण्याचं. माझी मुलगी मृणाल म्हणाली, "आई, तू तिकडे नक्की काय करतेस?" मी म्हटलं, "पार्ट-टाइम जॉब आहे."

मी आपली खोकता खोकता टॅबलेटपुढे जाऊन जीभ काढायची. अबेना ओठ दाबून हसायची. मास्तर मागून ओरडायचे, "कॅन्डिडेट, तोंड मिटा." कॅमेरा पुढे असल्याने तिला मास्तर दिसत नसत. तिला फक्त त्यांचे बूट ऐकू यायचे. टक, टक. थांबले. पुन्हा टक, टक.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असतानाच्या शनिवारी अबेनाने लिहायला घेतलं आणि तिसऱ्या मिनिटाला थांबली. मी पुढे जाऊन जीभ काढली, तर तिचं लक्षच नव्हतं. पेन्सिल तशीच हातात धरून ती कागदाकडे अशी बघत होती, जणू कागद कोरा नसून त्यावर काहीतरी भयंकर लिहिलेलं आहे. "ग्रँडपा," ती म्हणाली, "सात गुणिले आठ किती ते मला आठवत नाही." आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर तिने फोन उचलला नाही. बुधवारी मास्तर आमच्या दाराशी आले. घरातल्या स्लीपर, शर्टाची एक बाही वर, एक खाली. या माणसाला मी टायशिवाय पाहिलं नव्हतं.

"मॅडम, ती परीक्षेला बसणार नाही म्हणते. जेवत नाही. माझा नंबर दिसला की फोन उशीखाली घालते, तिची आई सांगत होती." मग म्हणाले, "तुमचं ऐकेल. तुमचे पैकीच्या पैकी मार्क आहेत."

आता आली का पंचाईत. दुपारी घरात कुणी नसताना मी मास्तरांकडून नंबर घेऊन माझ्या फोनवरून तिला व्हिडिओ कॉल केला. तिने तो उचलला, बहुधा जिभेच्या ओळखीने. डोळे सुजलेले. मी काय सांगणार होते ते सगळं विसरले आणि खरं तेच बोलून गेले.

सांगलीची सोळा वर्षांची एक अतिशहाणी. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि भूमितीची इतकी धास्ती की तिने प्रमेयं समजून घेण्याचा धोका पत्करलाच नाही. सगळी पाठ केली, आकृत्यांच्या अक्षरांसकट. रात्रंदिवस त्रिकोण अबक. पेपरात त्रिकोण आला पमत. ही बाई तीन मिनिटं रडली, मग डोळे पुसून तिने पमतची आकृती काढली आणि खाली बाणेदारपणे अबकची सिद्धता लिहून आली. वर घरी सांगितलं, सोपा होता.

"आजी, किती मिळाले?" अबेनाने विचारलं. हा शब्द मीच तिला शिकवला होता.

"अकरा."

ती हसली. थांबवेना तिला. मग विचारलं, "पुढे?"

"पुढे ऑक्टोबरला पुन्हा बसले. तुझ्यासारखीच. तेव्हाही पाय लटपटत होते, काही खोटं सांगत नाही. पण लटपटत्या पायांनी आत जाता येतं. लिहायचे हात वेगळे असतात."

तिने बाहीने नाक पुसलं. मग म्हणाली, "पेपर हातात आला की मला ग्रँडपांचे बूट ऐकू येतात. गेल्या वर्षीही आले होते. ते कॅनडात आणि बूट माझ्या मागे. पण त्यांना सांगू नका."

मी सांगितलं. सांगायला हवं होतं. मास्तर ऐकत राहिले आणि पहिल्यांदा म्हणाले, "अकरा?" बुटांच्या गोष्टीवर त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, संपली आपली नोकरी आणि त्या पोरीचं वर्षही.

शनिवारी एक वाजता गेले तर सूट होता, टाय होता, खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती आणि मास्तर टॅबलेटसमोर बसले होते, पायांत जाड लोकरी मोजे घालून. "स्मॉल स्मॉल," ते अबेनाला म्हणत होते. सावकाश, थोडं थोडं. "बाथरूमला जायचंय? जाऊन ये. मी थांबतो."

परीक्षेच्या दिवशी पेपर तिकडे सकाळी साडेनऊला, म्हणजे आमच्याकडे पहाटे साडेपाच. मृणाल ऑफिसला सहाच्या गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने निघते, तिला सोडायला मी लॉबीत उतरले, तर सोफ्यावर मास्तर. पूर्ण पोशाखात, हातात फोन.

"घरात बसवेना," ते म्हणाले. "आत गेली ती. अफिया गेटबाहेर उभी आहे, पेपर सुटला की तिथूनच फोन करेल."

मी शेजारी बसले. माणसं कॉफीचे कप घेऊन कामावर निघत होती. आम्ही दोघं तिकडच्या पेपराला बसलो होतो. मी मनात सात गुणिले आठ करून पाहिलं, दोनदा वेगळं आलं.

"मी कधी गेटबाहेर थांबलो नाही, मॅडम," मास्तर मध्येच म्हणाले. "मी नेहमी आत. बाहेर आईबाप उन्हात उभे असायचे, ते मला खिडकीतून दिसायचे. वाटायचं, यांना उद्योग नाही."

"आणि अफियाच्या वेळी?"

"तेव्हा मी इथे येऊन तीन महिने झाले होते. निकाल लागला त्या दिवशी फोन केला. निकाल विचारला. गणितात गेली होती. मी तिला मार्क विचारले आणि फोन ठेवला." ते फोनकडे बघत होते. "पुन्हा बस म्हणालो. ती बसली नाही. मला वाटलं, आळशी आहे."

साडेआठला फोन वाजला. मास्तरांच्या हातून तो निसटलाच, मी झेलला. पडद्यावर गर्दी, ऊन, आणि अबेना, घामाने चमकणारी. "सगळे प्रश्न लिहिले, ग्रँडपा. काही चुकले असतील. पण सगळे लिहिले." मास्तरांनी फोन माझ्याकडून घेतला, टाय सारखा केला. शेवटी म्हणाले, "जेवलीस का?" ती म्हणाली, नाही. "मग आधी जेव. आणि आईकडे फोन दे."

पुढचं ते त्यांच्या भाषेत बोलले, मला कळलं नाही. एकच वाक्य, अडखळत. पलीकडे अफिया, डोक्याला फडकं बांधलेली, चाळिशीपुढची बाई. मग तोंड फिरवलं तिने. मग बोलू लागली, आधी हळू, नंतर भराभर, हात हलवत. मास्तर मान डोलावत होते.

"काय विचारलंत?" मी कुजबुजले.

"पेपर कसा गेला ते."

"अबेनाचा?"

"नाही, मॅडम. तिचा."

मी वर जाऊन चहा केला, दोन कप घेऊन खाली आले. अर्धा तास झाला असेल. अफिया अजून बोलत होती. गेटवरची गर्दी पांगली होती आणि ती कुठल्याशा पायरीवर बसून हवेत बोटाने आकृती काढून दाखवत होती. मास्तरांनी कप घेतला, फोनवर हात ठेवला आणि मला हळूच सांगितलं, "अजून दुसऱ्याच प्रश्नावर आहे."