मानेचं माप

लेकाने सकाळीच बजावलं होतं, "आई, आज मानेची सोनोग्राफी. रक्तवाहिनीची भिंत जाड निघाली, तर मशीन बंद. पायाने रेटायचं वय राहिलं नाही तुझं."

मशीन म्हणजे मास्तरांचं शिलाई मशीन. मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण कात्रीकाकूंनी नवऱ्याचं दुकान एक दिवसही बंद ठेवलं नव्हतं. हे नाव त्यांना धंद्यामुळे पडलं की जिभेमुळे, ते गल्लीत कुणी विचारायला धजलं नव्हतं.

तपासणीच्या खोलीत काकू आडव्या झाल्या. तपासणाऱ्या मुलीने मानेवर गार जेल चोपडलं.

"भिंत किती जाड असली म्हणजे चालतं गं?"

"एका मिलिमीटरच्या आत असली की बरं."

"मिलिमीटर? अगं, एवढ्यात तर माझी सुईसुद्धा मावत नाही!"

"आजी, बोलू नका. माप चुकतं."

माप म्हटल्यावर काकूंना गिऱ्हाइकं आठवली. मास्तर टेप घेऊन पुढे झाले, की ढेरपोटे साहेब पोट आत ओढून काठीसारखे ताठ व्हायचे. आकडे लिहायला बसलेल्या काकू तिथूनच ओरडायच्या, "श्वास सोडा, साहेब! पँट तुम्हालाच घालायचीय!" आणि मास्तर टेपच्या आड तोंड लपवून हसायचे. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

पण आज मशीनचा प्रश्न होता. काकूंनी गुपचूप श्वास रोखला, गळा आवळला आणि मान जमेल तितकी बारीक केली.

पडद्यावरचं चित्र हललं. मुलीने पुन्हा माप घेतलं, तसा काकूंनी आणखी जोर लावला. मानेची शीर दोरीसारखी फुगली, चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. मुलगी घाबरून डॉक्टरांना बोलवायला पळाली. तिला पळताना पाहून बाहेर बसलेल्या सुनेने हंबरडा फोडला. सुनेचं रडणं ऐकून लेकाने धाकट्या बहिणीला फोन लावला, "असशील तशी निघ!" कुणीतरी ऑक्सिजनचा सिलिंडरसुद्धा ढकलत आणला.

खोलीत घुसलेल्या एवढ्या गर्दीपुढे हार मानणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी श्वास आणखी घट्ट धरला.

डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा काकूंच्या आवळलेल्या ओठांकडे. मग ते खेकसले, "श्वास सोडा, बाई! कोंडून काय धरलाय?"

काकूंनी भस्सकन श्वास सोडला. टेपच्या आडून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले.

"दुखतंय का कुठे?" डॉक्टर नरमले.

"नाही हो. माझंच वाक्य मला ऐकवलंत. घ्या आता खरं माप."

माप आलं शून्य पॉईंट आठ.

"या वयाला उत्तम," डॉक्टर म्हणाले. "पायाला व्यायाम आहे वाटतं? चालू द्या."

काकूंनी लेकाकडे असं पाहिलं, की तो घाम पुसायला लागला. घाम जरा जास्तच होता. डॉक्टरांनी त्याचं प्रेशर बघितलं आणि भुवया उंचावल्या. "आलाच आहात, तर तुम्हीही व्हा आडवे."

लेक आडवा झाला आणि त्याने हळूच पोट आत ओढलं.

"श्वास सोड रे," काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. "मान मोजतायत, पोट नाही!"

लेकाचं माप आलं एक पॉईंट एक. मीठ कमी, खुर्ची कमी, पाय चालते ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की लेक दुकानात येऊन मशीनवर बसतो. काकू शेजारी कापड धरून उभ्या असतात. पायाखालची पट्टी हलली, की मास्तरांच्या वेळचा तोच खडखडाट दुकानभर घुमतो आणि काकू क्षणभर डोळे मिटतात.

मग डोळे उघडतात, शिवण बघतात आणि उसवायला बसतात.