बसच्या काचेवरचा अंगठा

"मी नुसता बघत नाही, मी हेरतो. माझ्या नजरेतून आजवर माशीसुद्धा सुटलेली नाही," असं सुगावाराव चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याच्या नाकावर फ्रेम चढवता चढवता सांगत. त्यांनी अकरा प्रकरणांचा छडा लावला होता. त्यातली नऊ ते पोचण्याआधीच सुटलेली होती आणि उरलेल्या दोहोंत हरवलेली वस्तू त्यांच्याच खिशात निघाली होती. सुगावाराव हे नाव लोकांनी थट्टेने पाडलं. त्यांनी त्याची पाटी करून घेतली.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेहुणा. हा बिचारा बाइंडर, दिवसभर पुस्तकं बांधायचा. बहिणीच्या नवऱ्यापुढे बोलणार काय, म्हणून तो मुकाट्याने भिंग पुसून द्यायचा. त्या दुपारी मात्र त्याने आपण होऊन फोन करून त्यांना घरी बोलावलं.

आज त्याच्या वडिलांचा नोकरीतला शेवटचा दिवस. चौतीस वर्षं त्यांनी जी बस चालवली, तिचं वीतभर मॉडेल त्याने त्यांना भेट द्यायला चार महिने गुपचूप खपून जोडलं होतं. सकाळी शेवटचा आरसा चिकटवून बस पारदर्शक पेटीत ठेवली आणि तो कामावर गेला. जेवायच्या सुट्टीत येऊन पाहतो, तर बसच्या साऱ्या काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या पांढऱ्या. आणि चालकाशेजारच्या काचेवर अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ मोजावी असा. पाच वाजता वडील येणार. त्यांनी त्याच्या या छंदाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "चाळिशीत खेळणी," एवढंच एकदा म्हणाले होते. ही आंधळी बस हातात दिली असती, तर त्यांचंच खरं ठरलं असतं.

"कशालाही हात लावू नका," म्हणत घरात शिरलेल्या सुगावारावांनी पेटीवर कोपर टेकलं. मग त्यांनी आत नाक खुपसलं. "विषारी वायू."

"बसवर, भावोजी?"

"बसवर वायू कोण सोडेल, असंच तुला वाटावं हा डाव आहे." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "समोरचा दातांचा डॉक्टर. पांढरी पूड बाळगतो, आणि विनाकारण हसतो."

"तुमची दाढ काढली त्याने. त्याचा राग..."

"तपासात राग येत नाही. पण दाढ माझ्या लक्षात आहे."

मग ठसे जुळवणं आलं. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या खिशात निघालेली बायकोची लिपस्टिक घेऊन त्यांनी कालच्या वर्तमानपत्रावर आपले आणि मेहुण्याचे ठसे उमटवले. बराच वेळ भिंग फिरवल्यावर ते म्हणाले, "गुन्हेगाराच्या अंगठ्यावर 'भाड्याने देणे आहे' असं छापलेलं आहे." मेहुण्याने मजकूर छापलेला कागद बाजूला करून कोरा दिला. या वेळी एक ठसा बराच जुळला. तो सुगावारावांचा स्वतःचा होता.

"बघ, किती कसलेला आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "माझा अंगठा वापरतोय."

इतक्यात ताई आली. ताई म्हणजे मेहुण्याची बहीण आणि सुगावारावांची बायको. नखं सजवायच्या पार्लरमध्ये कामाला होती. लिपस्टिकची दशा पाहून ती नवऱ्याला काही बोलणार होती, पण भावाचा चेहरा पाहून थांबली.

"आरसा कशाने चिकटवलास?"

"झटपट चिकटणाऱ्या गोंदाने. आमची खळ प्लास्टिकला धरत नाही."

"आणि लगेच पेटी बंद केलीस."

"मग? चिकटवलं की झाकायचं. धूळ बसते ना."

"ती तुझी पुस्तकं, बाळा. हा गोंद सुकताना वाफ सोडतो. कोंडलीस, की ती काचांवर पांढरी बसते. जिथे आधी बोट लागलंय तिथे तर जास्तच. नखं चिकटवताना आम्ही पंखा लावतो, तो काय हवा खायला?"

"मी आधीच वायू म्हणालो होतो," सुगावाराव म्हणाले. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ताईने कापसावर तेलाचा थेंब घेतला आणि अलगद एकेक काच पुसत गेली. काचा उजळल्या, आतल्या सीट दिसू लागल्या. चालकाच्या खिडकीपाशी तिचा हात थांबला.

"ठशातली ही आडवी चीर बघ. बसच्या बॉनेटखाली अंगठा चेंगरला होता, तेव्हाची. हे बाबा आहेत."

"बाबा कशाला हात लावतील?"

"त्यांनाच विचार. ही एवढी पुसत नाही मी."

"ज्यांच्यापासून गुपित ठेवलं, त्यांच्यावर संशय घेणं शास्त्राला धरून नाही," सुगावारावांनी बजावलं आणि ते दवाखान्यावर पाळत ठेवायला खिडकीत गेले.

पाचला वडील आले. मुलाने पेटी पुढे केली. त्यांनी झाकण काढलं, बस तळहातावर घेतली, जरा लांब धरून पाहिली.

"आरसा बसवलास वाटतं," वडील म्हणाले. "बरं केलंस. काल नव्हता. मी म्हटलं, आरशाशिवाय हा गाडी बाहेर काढतो की काय."

बोलता बोलता त्यांचा अंगठा चालकाच्या काचेवर गेला आणि त्या ठशावर बरोबर बसला.

"श्श," खिडकीतून सुगावाराव म्हणाले. "आरोपी दवाखान्याचं दार उघडतोय."