नायब सदरांचा महकमा

"हणमंतराव, तुम्ही अमल्यातले की मजलिशीतले?" तहसील कचेरीतले पेशकार बसवराज यांनी कागदावरून मान वर न करताच विचारलं.

हणमंतरावांना प्रश्नच कळला नाही. ते मांजरगावचे कापडाचे व्यापारी. संक्रांतीपासून गावच्या बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, नायब सदर. सदर म्हणजे खुद्द तहसीलदारसाहेब. ते हैदराबादेला गेले की कारभार नायबाकडे, एवढंच त्यांना ठाऊक; आणि सध्या ते तिकडंच होते. आणि पदाची त्यांना हौस होती असंही नाही. निजाम सरकारनं चार माणसं जमायलाही सदरांची इजाजत लावली तेव्हापासून गावचं रामनवमीचं कीर्तन बंद पडलं होतं. गेल्या साली तर पुजाऱ्यानं रिकाम्या सभामंडपात एकट्यानं पाळण्याची दोरी ओढली. त्या दिवशी देवळाचे पंच शेषेराव म्हणाले होते, "हणमंतराव, तुम्ही नायब सदर व्हा. मंग इजाजत घरचीच हाय."

म्हणून ते झाले. यंदा अर्धापूरचे अवधूतबुवा येणार होते. "औंदा उभा राहतो, पुढचं पायाला विचारून सांगतो," असा त्या थकल्या जिवाचा निरोप होता. हणमंतरावांनी त्यांचं रामजन्माचं आख्यान वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. जन्माचा क्षण आला की बुवा आवाज इतका खाली आणीत की मंडपातल्या बांगड्या वाजायच्या थांबत. मग कौसल्या बाळाला पहिल्यांदा पाहून काय बोलली, ते सांगत. दर साली नवं सांगत. हणमंतराव ते एक वाक्य वर्षभर पुरवून वापरत. दुकानात गिऱ्हाइकानं छळलं की मनातल्या मनात म्हणत आणि शांत होत.

"दोन्हीतला समजा," ते पेशकारांना म्हणाले. "बैठकीला सदर नसले तर खुर्चीवर मीच, अन् सही बी माझीच."

"दोन्ही कसं चालंल? अमल्यातले, म्हंजे सरकारी नोकरांतले, असाल तर इजाजत देता येते, पण सरकारी माणसाला जमावात बसायची मनाई हाय. मजलिशीतले, म्हंजे नुसत्या सभासदांतले, असाल तर खुशाल बसा, पण मंग तुमच्या सहीला इजाजत कोण म्हणंल?"

"मागचे नायब सदर काय करायचे?"

"ते आजारी असायचे."

"काय होत होतं त्यांना?"

"काई न्हाई. कुणी काई विचारलं की आजारी असायचे."

हणमंतराव ठाण्यावर गेले. अमीनसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि समजावलं, "हे बघा नायब सदर, कागदावर तुमचा महकमा, म्हणजे खातं, लिहून द्या. ज्याला महकमा नाही तो माणूस एक तर फकीर, नाही तर बागी. फकीर तुम्ही दिसत नाही."

तिथून ते शेषेरावांकडे आले. शेषेराव ओसरीवर सुंठ कुटून घेत होते.

"लिवून टाका अमला म्हणून," शेषेराव म्हणाले. "लिवायला तुमचं काय जातंय?"

"माझं कीर्तन जातंय."

"अवो, गावाला तर घडंल. तुम्ही भाईर बसून ऐका. रामाला काय, भाईरचा अन् आतला एकच."

हणमंतरावांनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी 'अमला' लिहून सही केली. गावाला इजाजत मिळाली.

रामनवमीला मंडप भरून बाहेर माणसं आली. हणमंतरावांची पत्नी चंद्रप्रभाबाई बायकांत अगदी पुढं बसल्या. हणमंतरावांसाठी अमीनसाहेबांच्या जवानानं रस्त्यापलीकडं लिंबाखाली खुर्ची टाकली. सावली तेवढीच होती. शेजारी तेल्याचा घाणा होता, आणि तेल्यानं नेमका तेव्हाच बैल जुंपला. घाणा बंद करवता आला असता. पण तो हुकूम कोणत्या महकम्यातून निघतो, हे पुन्हा कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

टाळ-मृदंग ऐकू आले. माथ्यावर सूर्य आला तसे तेही थांबले. बुवांनी हात जोडले, मान किंचित कलवली, त्यांचे ओठ हलले. इकडं घाणा कुरकुरला. मंडपातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग गुलाल उडाला.

शेषेरावांचा पोरगा सुंठवडा घेऊन रस्ता ओलांडून आला. जवानानं त्याला अडवलं. "सरकारी माणसाला भेट चालत नाही."

घरी आल्यावर हणमंतरावांनी पगडीसुद्धा काढली नाही. "कौसल्या काय म्हणाली?"

"सांगते की," चंद्रप्रभाबाईंचा आवाज ओला होता. "आत्ता न्हाई सांगवत. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्या समोर बसल्या. "बुवा म्हणले, कौसल्येनं बाळाकडं बघितलं अन्..." तेवढ्यात दारात चपराशी उभा. तहसीलदारसाहेब परतले होते.

साहेब कायदा जाणणारे होते. "नायब सदर मजलिशीतला असतो," ते म्हणाले. "अमल्यातला नव्हे. तुमची इजाजत इजाजतच नव्हती."

"म्हणजे साहेब, मला आत बसता आलं असतं?"

"आलं असतं. मग तुम्हीही गुन्हेगार झाला असता. आता आत बसलेले सगळे गुन्हेगार, आणि तो बुवा पहिला. जमावाबाहेर बसलेला जबाबदार माणूस म्हणजे तुम्ही एकटे. साक्ष तुमचीच होणार. शपथ घ्या आणि सांगा, कीर्तन झालं का?"

हणमंतरावांच्या डोळ्यांपुढं बुवांचे थकलेले पाय आले. कोठडीत ते किती वेळ उभे राहणार?

"न्हाई झालं साहेब."

"मग एवढी माणसं?"

"दर्शनाला आली. ज्याची त्याची एकटी आली. वेळ तेवढी जुळली."

"आणि बुवा?"

"म्हातारं माणूस हाय. उभ्याउभ्या काई तरी पुटपुटत होते. मला ऐकू आलं न्हाई."

एवढं शेवटचं मात्र त्यांनी शपथेवर खरं सांगितलं. साहेबांनाही सगळं गाव धरून आणण्याचा कंटाळाच होता. 'कीर्तन झाले नाही' असं लिहून त्यांनी विषय मिटवला.

हणमंतराव कचेरीतून निघायच्या आधी त्यांची साक्ष गावभर पोचली होती. वेशीपाशी शेषेराव भेटले. सुटकेचा आनंद त्यांच्या तोंडावर शोधूनही सापडत नव्हता.

"बुवा गाडीत बसत होते, तवाच कुणी तरी सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "आपलं शेवटचं कीर्तन झालंच न्हाई म्हणून."

"मंग? काय म्हणले?"

"हसले. म्हणले, नायब सदर रामाम्होरं शपथ घेऊन म्हणतात, तर झालं नसंल."

हणमंतराव खाली मान घालून घरी आले. चंद्रप्रभाबाई सुपात तूर पाखडत होत्या. ते त्यांच्यापुढं जमिनीवरच टेकले.

"आता तरी सांग. कौसल्या काय म्हणाली?"

सूप थांबलं नाही.

"मला काय ठावं? मी तर दर्शनाला गेल्ते," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "एकटीच."