राणीचे कान आणि मोपाचा सडा

दोष गोकुळदासकाकांचा. घोडीचा नाही, कॅमेऱ्याचा नाही आणि माझा तर मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात काहीही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. (नळाला पाणी आलं नाही तरी.)

काका म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. पेडण्याच्या बाजारात त्यांचं किराणाचं दुकान आहे, आणि दुकानात मिळत नसेल त्या प्रत्येक विषयावर त्यांच्याकडे मत आहे. गोवा राज्य झालं त्या साली तर मतांना नुसता पूर आला होता. 'मराठी आमची मायबोली' हे काका फळीवर मूठ आपटून सांगायचे, आणि सांगायचे कोंकणीतून. मी एकदा ते सगळ्यांदेखत दाखवून दिलं. तेव्हापासून माझं कॉलेज सोडणं हा घरातला सर्वांत मोठा प्रश्न झाला. (म्हापशाचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. प्रोफेसर वही उघडून नोट्स वाचून दाखवायचे. वाचता मलाही येत होतं.)

तर काकांचा गुन्हा असा, की मुलीचा होकार यायच्या आधी त्यांनी घोडी आणली.

मुलगा त्यांचा दत्तप्रसाद. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दत्तूदादा म्हणायचं असतं. कुवेतहून सुटीवर आला होता. येताना सेंट, टेपरेकॉर्डर, एक गॉगल आणि एक जपानी कॅमेरा घेऊन आला. तो रस्त्यानं चालला की आधी वास यायचा, मग गॉगल, मग तो. बाजारातली जी माणसं मला 'रिकामटेकडो' म्हणायची, तीच त्याला 'बाब' म्हणून बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे करायची. मी त्याच बाजारात वीस वर्षं उभा होतो. मला कोणी स्टूल दिलं नाही.

मुलगी इब्रामपूरची, पुंडलिकमास्तरांची क्षमा. इथे मात्र थांबतो. क्षमा पेडण्याला टायपिंगच्या क्लासला यायची, आणि संध्याकाळची बस येईपर्यंत स्टँडवर थांबायची. मीही थांबायचो. मला कुठेच जायचं नसायचं. ती शेंगदाण्यांची पुडी पुढे करायची आणि माझ्या रागीट गोष्टी ऐकून हसायची. माझ्या हिशेबानं हे पुष्कळ होतं.

बरं, दत्तूला ही मुलगी नको होती. त्याला मुंबईची हवी होती. मास्तरांनाही दत्तू नको होता. 'समुद्रापलीकडे मुलगी देणार नाही' असं त्यांनी शुद्ध मराठीत कळवलं होतं. म्हणजे मुलाला मुलगी नको, मुलीच्या बापाला मुलगा नको, आणि मध्ये काकांनी कोल्हापूरकडचा एक घोडीवाला ठरवून टाकला. "तुळशीचें लग्न जालें की म्हूर्त सुरू. मागीर घोडी मेळची ना," म्हणाले. आमच्या पेडण्यात नवरदेव आजवर मोटारीतून गेला, त्याआधी चालत गेला. घोडीवर कोणी बसलं नव्हतं. पण काकांनी कुठेतरी एक मुंबईवाली वरात पाहिली होती.

घोडीचं नाव राणी. पांढरी, पापण्या लांब, पायांत घुंगरं. तिचा मालक आनंदा आला त्याच संध्याकाळी त्याला आमच्याकडच्या फेणीची ओळख झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात आडवाच सापडला.

"विठू!" काकांनी हाक मारली. "तूं रिकामोच मरे. घोडयेक मात्शी भोंवडून हाड. पाय आखडतले तिचे."

घोडी फिरवून आणायला माझ्या हाती देणं, हा तो छोटासा निर्णय. काकांचा. नोंद घ्या.

आनंदानं एक डोळा उघडून सांगितलं, "लई गुणाची हाय. मांडव घातल्यालं दार दिसलं की आपसूक थांबती. ओवाळल्याबिगर पाऊल उचलायची न्हाय." मी ते कौतुक समजून ऐकलं.

आदल्याच दिवशी स्टँडवर क्षमानं मला विचारलं होतं, "तुमच्या दुकानात लावलेत ते दत्तप्रसादांनी काढलेले केरीच्या समुद्राचे फोटो पाहिलेस? काय सुंदर! तुला येतं रे असं काही?"

"त्यात काय यायचंय? बटण दाबायचं."

"मग दाब की," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

रात्रभर मी त्या 'काय सुंदर'शी भांडत होतो. दत्तूनं समुद्र थोडाच बनवला होता? समुद्र तिथे होताच. तो नुसता पैसे खर्चून त्याच्यासमोर उभा राहिला. आणि तेही वाळूवरून, दोन पायांवर! मी घोडीवरून फोटो काढले तर? उंचावरून मोपाचा सडा (म्हणजे जांभ्याचं पठार), खाली तिळारीचं पाणी, पलीकडे सह्याद्री. आणि मग सहज जाता जाता इब्रामपूर. गळ्यात कॅमेरा, खाली पांढरी घोडी. दत्तू पणजीला बँकेत गेला होता. कॅमेरा कपाटात होता. कपाटाला कुलूप नव्हतं. (ही चूक दत्तूची.)

घोडीवर बसून फोटो काढणं कोणी सोपं म्हणेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. कॅमेऱ्याला दोन हात लागतात, लगामाला दोन. मी लगाम दातांत धरला. आता तोंडात लगाम असलेले आम्ही दोघे झालो. घोडी उभी राहिली की मी डोळ्याला कॅमेरा लावायचो, कॅमेरा लावला की ती चालायला लागायची. बटण 'खट्' वाजलं की ती दचकायची, ती दचकली की घुंगरं वाजायची, आणि घुंगरं वाजली की तिला वाटायचं वरात सुरू झाली. मग ती नाचायची. सड्यावर कोणी नव्हतं ते एक बरं. एक गुराखी होता. त्यानं हात जोडले.

तरी मी रोल जवळजवळ संपवला. मावळतीचं ऊन, वाळलेलं सोनेरी गवत, काळा जांभा. मनात मी एकेका फोटोखाली क्षमाचं 'काय सुंदर' लिहीत होतो. शेवटचा एक फोटो तिच्यासाठी राखून ठेवला आणि घोडी इब्रामपूरच्या उताराला लावली.

तो दिवस तुळशीच्या लग्नाचा होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं असं नाही. ते घोडीच्या ध्यानात येईल, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तुळशीचं लग्न म्हणजे आमच्याकडे दारोदारी अंगणात वृंदावन रंगवलेलं, वर ऊस बांधून मांडव, आंब्याचं तोरण, झेंडूच्या माळा. तुळस ही घरची लेक, नवरी. आणि तिच्या शेजारी रानातून आणलेली दिंड्याची एक कांडी रोवतात. तोच कृष्ण, तोच नवरदेव. म्हणजे त्या संध्याकाळी इब्रामपुरात एक घर असं नव्हतं, जिथे मांडव घातलेला नाही.

राणी पहिल्याच घरासमोर थांबली. टाच मारली. चुचकारलं. शिवी दिली. ढिम्म.

घरातून यशोदामावशी बाहेर आली, तिनं मला पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, "पळयात गो! तुळशीचो न्हवरो घोडयार बसून आयलो!"

"मावशी, घोडी हलत नाही. जरा ओवाळ."

"कितें?"

"ओवाळ गे, नाहीतर मी रात्रभर इथेच."

ती हसून हसून वाकली, पण तिनं ओवाळलं. कुंकू लावलं, हातात चिरमुल्यांची (म्हणजे कुरमुऱ्यांची) मूठ दिली. राणीनं मान हलवली आणि चालू लागली. पुढच्या घरी पुन्हा थांबली. तिथून बातमी आमच्या पुढे धावत होती. तिसऱ्या अंगणात बायका ताट घेऊन वाटच बघत होत्या. कोणी हार घातला. कोणी नवरीवरून चिडवलं, "व्हंकल पसंत आसा मरे?" मी सड्यावरून निघालो तेव्हा फोटोग्राफर होतो. मास्तरांच्या दारी पोचलो तेव्हा कपाळ लाल, गळ्यात झेंडूचे हार, खिशातून चिरमुले सांडताहेत आणि मागे अर्धा गाव.

मास्तरांच्या अंगणात मुहूर्ताची घाई. भटजी घड्याळ बघत उभे, कारण त्यांना अजून वाडीतली बाकीची लग्नं उरकायची होती. क्षमा हिरव्या साडीत समई लावत होती. तिनं वर पाहिलं.

मी गॉगलशिवाय जितका भारदस्त दिसू शकतो तितका दिसायचा प्रयत्न केला आणि कॅमेरा उचलला. दोन्ही हात कॅमेऱ्याला, लगाम सैल. राणीला सकाळपासून वैरण कोणी टाकली नव्हती. (आनंदा गोठ्यात, काका दुकानात. विचारा त्यांना.) तिनं मान लांब केली आणि तुळशीशेजारची दिंड्याची कांडी बुडासकट उपटून कराकरा खाल्ली.

भटजी दोन पावलं मागे सरले. मग क्षमाची आई, वत्सलाबाई, किंचाळली, "अगे बाये! घोडयेन न्हवरो खाल्लो!"

"विठ्ठल!" मास्तर शुद्ध मराठीत गरजले. "हा काय अनाचार?" आणि लगेच कोंकणीत उतरले, "मेल्या, सकयल देंव!"

मी उतरलो. म्हटलं, दुसरी कांडी आणतो. भटजी म्हणाले, "काळोखांत खंय सोदतलो? म्हूर्त वता." म्हटलं, देव्हाऱ्यातला कृष्ण आणा. भटजी म्हणाले, "देवाक उठोवपाक वेगळो विधी. माका वेळ ना." धर्म किती सखोल आहे ते मला त्या दिवशी कळलं. सखोल नाही, घाईत आहे.

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुंकू, हार, चिरमुले. चाळीस वर्षं मुलांच्या हातावर छड्या मारलेला माणूस तो. म्हणाले, "नवरा खाल्लास, नवरा भरून दे. उभा राहा."

"मास्तर, घोडीनं खाल्ला."

"मग तिला नवरा म्हणून उभी करू का? उभा राहा म्हणतो ना!"

मी उभा राहिलो. एका बाजूला मी, मध्ये अंतरपाट, पलीकडे तुळस. हातात नारळ. भटजींनी मंगलाष्टकं अशी म्हटली की जणू मागे कुत्रा लागलाय. मास्तरांनी सोडलेलं पाणी माझ्या हातावर पडलं. अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या मुद्दाम डोळ्यात. गावात इतकं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि वाईट म्हणजे मलाही ते थोडं आवडत होतं. कारण सर्वांत जास्त क्षमा हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ती जवळ आली. माझ्या गळ्यातला कॅमेरा हारांच्या गुंत्यातून अलगद काढला.

"हे कुठे दाबायचं?"

"वरचं बटण. पण आधी ती कडी फिरवून..."

"कळलं. हलू नका हं, भावोजी!"

खट्. रोल संपला.

सगळे पुन्हा हसले. तुळस घरची लेक, म्हणजे तिची बहीण, म्हणून मी भावोजी. मी ते लाडाचं समजलो. परतताना अंधारात राणीच्या आयाळीशी मी काय काय बोललो ते सांगत नाही.

घरी दत्तू दारातच उभा होता. काका ओरडत होते, आनंदा शुद्धीवर येऊन घोडीला मिठी मारून रडत होता. दत्तूनं मात्र नुसता हात पुढे करून कॅमेरा घेतला. पैसेवाल्यांना हे परवडतं. त्यानं शांतपणे रोल काढला आणि म्हापशाला धुवायला टाकला.

फोटो आले त्या दिवशी सगळं घर ओसरीवर जमलं. काकांनी पहिला हातात घेतला, आडवा केला, उभा केला.

"हीं कितें? शिंगां?"

"कान आहेत," दत्तू म्हणाला.

मोपाचा सडा, आणि समोर दोन पांढरे कान. सह्याद्री, समोर कान. सूर्यास्त, बरोबर दोन कानांच्या मधोमध, उखळात ठेवल्यासारखा. एकात घोडी वळली होती, तिथे एकच कान. कानांवरची लव न लव मोजता येत होती. सडा, नदी, डोंगर मात्र धुक्यात. मी पूर्ण रोलभर घोडीच्या कानांवर फोकस धरला होता.

"कानाचो डॉक्टर जा," काका म्हणाले. हयातीत त्यांनी केलेला हा एकमेव बरा विनोद, आणि तो माझ्यावर.

दत्तू शेवटच्या फोटोपाशी थांबला. मी, तुळस, समईचा उजेड, मागे हसणारा गाव. प्रत्येक चेहरा लख्ख.

"हा तू काढला नाहीस."

"मी त्यात आहे. मी कसा काढीन?"

"मग कोणी?"

"क्षमानं."

"पहिल्यांदा हातात धरून? समईच्या उजेडात?" त्यानं फोटो खिडकीशी नेला. "आणि बाबा, हीच मुलगी तुम्ही सांगत होतात?"

मी म्हटलं, हीच, पण तुला मुंबईची हवी होती ना? त्यानं ऐकलं नाही. तो सेंट मारत होता.

तो प्रिंट द्यायला मोटरसायकलवरून इब्रामपूरला गेला. मग एन्लार्जमेंट द्यायला गेला. मग कॅमेरा कसा चालतो ते शिकवायला गेला, तेव्हा द्यायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांचा समुद्र हळूहळू अरुंद होत गेला. फोटो बघून ते इतके खूश होते, की 'आमच्या तुळशीचं लग्न तुमच्या घरात झालंच आहे, आता संबंध नवा कसला?' असं त्यांनीच काकांना सांगितलं. काका गावभर म्हणत फिरले, "पळयलें? हांवें घोडी आदींच हाडिल्ली!"

वरातीला आनंदाचं पोट बिघडलं, म्हणून राणीचा लगाम मी धरला. घोडीवर दत्तू. गॉगल लावून, रात्री.

तो फोटो आता मास्तरांच्या ओसरीवर चौकटीत लागला आहे. येणारा-जाणारा विचारतो, फोटो कोणी काढला? मास्तर अभिमानानं लेकीचं नाव घेतात. मग कोणीतरी विचारतं, आणि हा मधला कोण? मास्तर सांगतात, "तो? तो दिंडा."

एका दुपारच्या फेरफटक्यात माझी क्षमा गेली.