तांब्याच्या तारा आणि एक मूठ रिठे

सदूला भोकं पाडायची होती, तीही कुणाला न दिसणारी. खालापूरजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. साल त्र्याऐंशी. किरणांचा मारा झालेलं पातळ प्लास्टिक मुंबईहून यायचं. ते कॉस्टिक सोड्यात गरम केलं की त्याला केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी भोकं पडत. त्यांत तांब्याच्या द्रावणातून तांबं भरायचं, मग प्लास्टिक विरघळवायचं, की मागे उरायला हव्यात तांब्याच्या सूक्ष्म तारा. भोकं पडत होती, पण पाच महिने झाले तरी तांबं आत शिरत नव्हतं.

"या महिन्यात जमलं नाही तर काम बंद," साहेबांनी सांगून टाकलं.

नेमकी शनिवारी वीज गेली. सदू हटला नाही. प्लास्टिकचे चार तुकडे आणि सोडा घेऊन तो दहिवलीच्या घरी आला आणि थर्मामीटर धरून चुलीपुढे बसला.

"काय शिजतंय रं?" आई भागूबाईनं विचारलं.

"प्लास्टिक."

"मीठ घातलंस?"

तासाभरानं तुकडे वाटीत काढून सदू आंघोळीला गेला. भागूबाईनं वाटी उचलली, ती हातातून सटकली.

"मेल्यानं माजी वाटी बुळबुळीत केली!" तिनं कपड्यांसाठी भिजवलेले रिठे मूठभर घेतले, फेस काढला आणि वाटीसकट तुकडेही खसाखसा धुऊन दोरीवर वाळत घातले.

सदू परतला तोवर एक तुकडा वाऱ्यानं उडून शेजारच्या विहिरीत पडला होता. दुसऱ्याला तेल लावून भागूबाई त्यावर पापड लाटत होती. तिसरा सदूनंच घाईनं ओढला, तो टर्रकन फाटला.

"आये, पाच महिन्यांची मेहनत गं!"

"पाच महिनं न धुता ठिवलीस?"

उरलेला चौथा तुकडा वहीत जपून घालून सोमवारी सदूनं त्यावर तांबं चढवायला घेतलं. दुपारी साहेब ओरडलेच. तुकडा लालसर झाला होता! तो मुंबईच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि चौथ्या दिवशी तार आली, 'तारा सापडल्या.'

"या वेळी वेगळं काय केलंस?" साहेबांनी विचारलं. सदूनं मान खाली घालून खरं ते सांगितलं.

साहेब आनंदानं टेबलावर थाप मारून म्हणाले, "अरे, प्लास्टिकला पाणी चिकटत नव्हतं, म्हणून तांबं आत जात नव्हतं. रिठ्यानं ते भिजलं! पण किती रिठे?"

संध्याकाळी साहेब काटा घेऊन दहिवलीत हजर. भागूबाईनं तीनदा मूठ भरून दिली. चाळीस ग्रॅम, छप्पन्न ग्रॅम, सत्तेचाळीस ग्रॅम.

साहेबांनी चष्मा पुसला. "मावशी, त्या दिवशी नक्की किती घेतले होते?"

"आता कसं सांगू? तवा मी चिडले व्हते. चिडले की माजी मूठ मोटी व्हते."

साहेबांनी वहीचं कोरं पान उघडलं, पेन सरसावलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सदू, आईंना जरा चिडव."