थुंकायचं भांडं

अनन्याच्या कार्यक्रमाला ऐन वेळी दोन पाहुणे कमी पडले, म्हणून तिचे आईबाबा, श्रीपादराव आणि पद्माताई, लखनौच्या हजरतगंजमधल्या तिच्या हॉटेलात जायला निघाले. लेक देशोदेशीच्या वाइन चाखून त्यांचं वर्णन करते, हे श्रीपादरावांनी सोलापूरच्या थोरल्या दादांना अजून सांगितलं नव्हतं. दादांच्या लेखी ती हॉटेलच्या 'फूड डिपार्टमेंट'मध्ये होती. आजचा कार्यक्रम मॅनेजरला पसंत पडला तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

"येतो, पण तिथे मला बाबा म्हणू नकोस," श्रीपादरावांनी बजावलं. "माझ्या रेल्वे ऑफिसातलं कुणी भेटलं तर?"

"ठीक है," अनन्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला. तो पद्माताईंनी पाहिला, श्रीपादरावांनी नाही. ते शर्टाची बटणं लावण्यात गुंतले होते.

हॉटेलात तिने सगळ्यांना समजावलं, की घोट तोंडात घोळवायचा, चव ओळखायची आणि समोरच्या भांड्यात थुंकायचं. लखनौची मंडळी मोठ्या अदबीने थुंकू लागली. श्रीपादरावांना ते जमेना. ताटात काही टाकायचं नाही, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला होता. ते आमटीतल्या शेवग्याच्या शेंगांचीही गय करत नसत. मग लेकीने वाढलेलं थुंकायचं कसं? त्यांनी नाशिकची पांढरी गिळली. फ्रान्सची लालही गिळली. अनन्या डोळे मोठे करून खुणावत होती, त्यावरून त्यांना वाटलं की आपलं छान चाललं आहे. पद्माताईंनी ग्लास नुसता ओठाला लावून खाली ठेवला, तेव्हा तोही श्रीपादरावांनी संपवला, कारण उरवणं म्हणजे टाकणंच. चिलीची लाल येईपर्यंत त्यांचे कान तापले होते आणि मनातला संकोच कुठल्या कुठे गेला होता.

शेवटी अनन्याने पाहुण्यांना विचारलं, की कुठली वाइन कशी वाटली. मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई वाइनमधल्या हिरव्या सफरचंदाच्या चवीबद्दल बोलल्या. मग श्रीपादराव उठले. पद्माताईंनी त्यांचा शर्ट ओढून पाहिला, पण उपयोग झाला नाही.

"ये जो नासिकवाली है," ते आपल्या सोलापुरी हिंदीत म्हणाले, "पहले खट्टी लगती है. लगता है, अपने को नहीं जमेगी. फिर पीछे से मीठी आती है. थूकनेवालों को नहीं समझेगा. मेरी बेटी भी ऐसीच है."

मॅनेजरने हसून विचारलं, "आपकी बेटी भी वाइन के काम में है?"

अनन्या मान खाली घालून बाटलीचं लेबल वाचत राहिली.

"वो क्या, सामने खडी है," श्रीपादराव म्हणाले. "मैं उसका बाप हूँ."

टाळ्या वाजल्या. अनन्याचे डोळे भरून आले आणि हातातल्या वाइनचं नावच तिला आठवेना. तरीही नोकरी पक्की झाली. तिघं घरी जाताना रिक्षात श्रीपादरावांनी, धीर आहे तोवर, सोलापूरला फोन लावला आणि दादांना सगळं सांगून टाकलं. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. पद्माताईंनी देवाचं नाव घेतलं.

"श्रीपाद," दादा हळू आवाजात म्हणाले, "तुझी वहिनी आत गेलीय तोवर सांग. शेंगाचटणीबरोबर लाल घ्यावी की पांढरी?"

"थांब दादा, त्यातलं आपल्याला काय कळतंय," श्रीपादराव म्हणाले आणि फोन त्यांनी लेकीच्या हातात दिला.