शुक्रवारच्या निकालात हरवलेला तलाठी

चित्रपटाचं परीक्षण कसं करावं हे नीट कळणारी पनवेलमध्ये एकच व्यक्ती होती. मी!

एकतीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते घड्याळ लावून बघायचं. ठरलेल्या वेळेत विरघळली नाही तर अख्खी खेप परत. तिथे कुणी ‘ही गोळी काळजाला भिडली’ असं लिहीत नाही. निवृत्तीनंतर मी तीच शिस्त चित्रपटांना लावली. कथा, अभिनय, संवाद, संगीत आणि मी खुर्चीत किती वेळा चुळबुळले, असे पाच निकष. त्यावरून पाचपैकी गुण, एका दशांश स्थळापर्यंत.

हे गुण ‘पडदा पनवेल’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शुक्रवारी जायचे. आमच्या सोसायटीपासून सुरू झालेला ग्रुप सुकापूर, पळस्पे करत चारशे बारा सभासदांवर पोचला होता. शनिवार-रविवारी कुठला चित्रपट बघायचा आणि कुठल्याला घरी बसून नावं ठेवायची, हे लोक माझ्या निकालावर ठरवायचे.

नियम एकच. शुक्रवारचा पहिला खेळ बघायचा आणि सूर्यास्तापूर्वी निकाल पाठवायचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शब्बाथचे दिवे लावले की माझा फोन कपाटाच्या खणात जातो, तो शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत बाहेर येत नाही. आमच्यात सगळेच इतके कडक नसतात. माझे पती जेकब शेजाऱ्यांच्या आरोळ्यांवरून क्रिकेटचा स्कोअर काढत बसतात. पण मी माझ्या आईची मुलगी. त्यामुळे माझा निकाल लागला की चोवीस तास अपील नाही! याचा मला, खरं सांगते, थोडा अभिमान होता.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी ‘ओटीवरचा करार’ लागला. या चित्रपटाची आमच्या इमारतीत वर्षभर वाट बघणं चालू होतं, कारण त्यात आमचे वरच्या मजल्यावरचे गुरुदत्तराव होते. वीज मंडळातून निवृत्त, चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर, आणि एकसष्टाव्या वर्षी पहिला चित्रपट! मध्यंतरानंतर चार मिनिटांची तलाठ्याची भूमिका. त्यांनी स्वतःही अजून ती पाहिली नव्हती. शनिवारी सहाच्या खेळाला बावन्न माणसं घेऊन जायचं आणि सगळ्यांबरोबर पहिल्यांदा बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गव्हाणहून त्यांची बहीण गुणाबाई गाडी भरून येणार होती.

“शोशानाताई,” ते मला जिन्यात म्हणाले, “माझ्याकडे बघून गुण वाढवायचे नाहीत हं!”

“मी कुणाकडेच बघून वाढवत नाही,” मी म्हणाले. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

खेळाला अकरा प्रेक्षक होते, मी मोजले. गोष्ट दोन भावांच्या जमिनीच्या भांडणाची. मोठा भाऊ लंगडा, धाकटा तापट, आणि मध्यंतराला आई मरते. बरी चालली होती. मध्यंतरात मी चहाच्या रांगेत उभी राहिले, उशीर झाला, आणि कप सांभाळत अंधारात माझ्या एफ-सात खुर्चीवर येऊन बसले.

त्यानंतर दिग्दर्शकाला काय झालं, कळेना! लंगडा भाऊ गायब. त्याच्या जागी कुणी तरुण पहाटे धावण्याचा सराव करतोय. मी वहीत लिहिलं, ‘काळाची उडी. स्पष्टीकरण नाही.’ मग मेलेली आई चहा घेऊन आली. एकदा नाही, तीनदा! नटीही वेगळी. मी लिहिलं, ‘मृत आईचं वारंवार येणं प्रतीकात्मक असावं. परिणाम शून्य.’ जमिनीचा विषय पुन्हा निघालाच नाही. तलाठी तर औषधालाही सापडला नाही. मी शेवटच्या नामावलीपर्यंत बसले, प्रत्येक नाव वाचलं. गुरुदत्तराव कुठेच नव्हते. जाताना मी पुन्हा प्रेक्षक मोजले. नऊ! म्हणजे दोघं उठून गेले होते. माझ्या निष्कर्षाला आकडेवारीचा आधार मिळाला.

घरी येऊन मी लिहिलं: ‘मध्यंतरानंतर दिग्दर्शक स्वतःची कथा विसरतो. पात्रं, आई आणि जमीन यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. खेदाची बाब म्हणजे आपल्या गुरुदत्तरावांची भूमिका संपूर्णपणे कापण्यात आली असून नामावलीतही त्यांचा उल्लेख नाही. गुण: एक पूर्णांक सात.’

पाठवण्यापूर्वी जेकबना वाचून दाखवलं.

“आधी गुरुदत्तला वर जाऊन सांग,” ते म्हणाले. “असं चारशे लोकांबरोबर कळू नये माणसाला.”

“सूर्यास्ताला अकरा मिनिटं आहेत.”

“मग उद्या पाठव.”

“उद्या शनिवार!”

मी पाठवलं, फोन खणात ठेवला आणि दिवे लावले. ती अकरा मिनिटं मला जिना चढायला पुरली असती. एका मजल्याला चाळीस सेकंद लागतात.

शनिवारी सकाळी दार वाजलं. गुरुदत्तरावांची बायको, अरुंधती. डोळे सुजलेले.

“शोशाना, ते खरंच नाहीयेत का गं? एखाद्या कोपऱ्यात? पाठमोरे?”

इथे कुठल्याही सामान्य बाईने ‘नक्की नाही सांगता येत’ म्हटलं असतं.

“नाहीत,” मी म्हणाले. “मी शेवटपर्यंत बसले होते.”

“चहा घेताना नजर गेली असेल...”

“अरुंधती, मी एकतीस वर्षं तपासणी केली आहे.”

ती वर गेली. दुपारी खिडकीतून दिसलं, दोघं रिक्षातून कुठेतरी गेले. गुरुदत्तरावांनी मान वर केली नाही. ग्रुपवर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. ‘भाऊ, खचू नका.’ ‘कलावंताला हे भोगावंच लागतं.’ कुणीतरी हात जोडल्याची आणि विझलेल्या पणतीची चित्रं टाकली होती. एका सभासदाने घाईत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, आणि पाठोपाठ सतरा जणांनी! बावन्न माणसांचा बेत रद्द झाला.

साडेपाचला पुन्हा दार वाजलं. गव्हाणचा काशिराम, रिक्षावाला. गुरुदत्तरावांच्या नाटकात पूर्वी पडदा ओढायचा. अंगावर इस्त्रीचा शर्ट.

“ताई, वर कुलूप हाय. भाऊ गेलं का पुढं? सहाला सगल्यांनी जायचा होता ना?”

मी त्याला झालेलं सांगितलं.

“कापला? कोणी कापला? आमी काल रातीच जाऊन आलो! भाऊ हायत की! एवढा मोठा तलाठी तुमाला दिसला नाय?”

“शक्य नाही. मध्यंतरानंतर तर तो मुलगा धावत असतो...”

“कोण धावतो? त्यो लंगडा हाय! शेवटपातुर लंगडाच हाय. धावायचा पिक्चर बाजूच्या दारात. मी दोनी बघितलं.”

आतून जेकबचा आवाज आला, “आई परत कशी आली, याचं उत्तर मिळालं म्हणायचं!”

चहा घेऊन मी अंधारात बाजूच्या पडद्याच्या दारातून आत शिरले होते, आणि तिथेही एफ-सात रिकामी होती. आणि उठून गेलेले ते दोन प्रेक्षक मुळात तिथे कधी नव्हतेच! अख्खी खेप परत करावी अशी चूक, आणि ती करणारी तपासनीस मी.

घड्याळात पाच छत्तीस. अजून सहाचा खेळ गाठता आला असता. मी खणाकडे बघितलं.

“काढ फोन,” जेकब म्हणाले. “देव समजून घेईल. गुरुदत्तचं सांगता येत नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा तारे दिसण्याआधी मी तो खण उघडला. गुरुदत्तरावांचा फोन बंद. अरुंधतीचाही बंद. श्रद्धांजल्या वाचून कोण चालू ठेवेल?

“गुणाबायकडं असतील,” काशिराम म्हणाला. “बसा रिक्षात.”

शब्बाथच्या दिवशी मी गाडीत बसत नाही. बसले. फोन काढलाच होता. पापाच्या बाबतीत मला दशांश स्थळं लावता येईनात. उरणच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती. काशिराम दोन ट्रकांच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी रिक्षा घालत होता आणि मी डोळे मिटून आईची क्षमा मागत होते. गव्हाणला पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. एकही प्रेक्षक नसल्याने सहाचा खेळ रद्द झाल्याचं तोवर ग्रुपवर आलं होतं.

गुरुदत्तराव बहिणीच्या ओसरीवर बसले होते. नवा कोरा झब्बा, बहुधा सहाच्या खेळासाठी शिवलेला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दार, चहा, एफ-सात, सगळं.

गुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “एवढ्या शिकलेल्या तुमी, आन् दारावरचा आकडा नाय वाचला?”

“नाही वाचला.”

“म्हणजे मी आहे?” गुरुदत्तरावांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला तो त्यांचा वाटलाच नाही. “पूर्ण चार मिनिटं?”

“पूरा हाय भाऊ!” काशिराम ओरडला. “सही पन करता तुमी!”

अरुंधतीने पदर तोंडाला लावला. रागवायला कुणी उरलंच नाही, आणि तेच मला जड गेलं.

मी तिथूनच ग्रुपवर दुरुस्ती टाकली. त्याचा परिणाम उलटाच झाला! ‘शोशानाताईंवर दबाव आलेला दिसतो.’ ‘इतक्या वर्षांत कधी गुण बदलले नाहीत, आताच कसे?’ ‘शेजारधर्म पाळला हो!’ माझ्या काटेकोरपणाची ख्याती अशी घट्ट बसली होती की माझ्या चुकीवर माझ्याशिवाय कुणाचाच विश्वास बसेना. बावन्नपैकी कुणीही परत जमलं नाही. प्रेक्षक नाहीत म्हणून चित्रपट सोमवारपासून उतरणार होता. पनवेलमध्ये रविवारी सकाळी नऊचा एकच खेळ ठेवला होता, तोच शेवटचा.

गेलो आम्ही. गुरुदत्तराव, अरुंधती, गुणाबाई, काशिराम, जेकब आणि मी. दोनशे खुर्च्यांत सहा माणसं. मी दारावरचा आकडा चार वेळा वाचला आणि मध्यंतरात जागेवरून हलले नाही.

आणि तलाठी आला! काशिरामने शिट्टी मारली. अरुंधतीने माझा हात धरला. गुरुदत्तराव पडद्यावर इतके मोठे दिसत होते की ते स्वतःच खुर्चीत थोडे मागे सरकले.

आता खरं सांगते. भूमिका वाईट होती. चाळीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. समोर हातभर अंतरावर बसलेल्या लंगड्या भावाशी ते असे बोलत होते, जणू तो खाडीपलीकडे आहे. सातबारा उघडताना हात तलवार उपसल्यासारखा. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी नऊ वेळा चुळबुळले.

शेजारी गुरुदत्तराव अंधारात, ओठ हलवत, स्वतःची सगळी वाक्यं स्वतःबरोबर म्हणत होते. या हलणाऱ्या ओठांभोवती बावन्न माणसं असायला हवी होती.

बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले, झब्बा सारखा केला आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“शोशानाताई, माझ्या कामाला किती? खरं सांगायचं.”

निकषांनुसार एक पूर्णांक दोन होत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आयुष्यातला पहिला खोटा निकाल दिला.

“चार.”

“पाचपैकी?”

“पाचपैकी.”

ते खुलले. रिक्षापर्यंत गेले. तिथे थांबले, विचार केला, आणि परत आले.

“एक कशाचा कापला?”

त्या एका गुणावरून ते गेले तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीत. खोटंच बोलायचं होतं तर सरळ पाच द्यायला माझं काय जात होतं? पण खोटं बोलतानासुद्धा आकडा जरा पटण्यासारखा असावा, असं वाटलं हो मला!